डावीकडून पहिला

४ जून

प्रिय दादा,

सोबत पुस्तक पाठवते आहे. माझं. ‘पुन्हा त्याच रांगेत’. मुखपृष्ठावरची बाई मी नव्हे, प्रकाशकाला ती स्वस्तात मिळाली. तू मुखपृष्ठावरच पानभर लिहिशील, म्हणून आधी सांगितलं.

गोष्टही थोडक्यात सांगून ठेवते, नाहीतर दहाव्या पानावर मिटून ठेवशील. पन्नाशीला आलेली एक बाई आहे. नवरा नकाशे काढतो. माणूस वाईट नाही, पण घरात असून नसल्यासारखा. तरुणपणी ती पाच पोरांच्या एका गाणाऱ्या बँडवर जीव टाकत असे. ती पोरं आता टकली होऊन पुन्हा एकत्र येतात, गावोगाव कार्यक्रम करतात, आणि ही नवऱ्याला चोरून जाऊ लागते. तिथे त्या पाचांतल्या एकाशी गाठ पडते आणि उतारवयात प्रेम जमतं. हसू नकोस. माझ्या खोलीच्या भिंतीवर कोण होते ते तुला आठवत असेल. आम्ही पाच मैत्रिणींनी ते पाच जण वाटून घेतले होते. एकदा घेतला की घेतला, मग दुसरीनं त्याचं चित्रसुद्धा लावायचं नाही. पोस्टर माझं, म्हणून मधला मला. वहिनी, म्हणजे तेव्हाची नुसती मैत्रीण, सगळ्यांत शेवटी आली. तिच्या वाट्याला डावीकडून पहिला उरला, राखाडी मफलरवाला, ज्याला एकट्यानं गायला कधी देत नसत. माझी नायिकाही त्याच्याच प्रेमात पडते.

वर्तमानपत्रांतून अजून चकार शब्द नाही. ऑफिसातल्या बाया छान म्हणाल्या, पण त्या माझ्या डब्यालाही छानच म्हणतात. मला वाचायला तू शिकवलंस, तू करतोस त्या कवळ्यांच्या साच्यांमध्ये बसवून. तू वाचल्याशिवाय ते पुस्तक झालंय असं मला वाटणार नाही. फोनवर तू बोलत नाहीस हे ठाऊक आहे, तर लिही. खरं लिही.

वहिनीची प्रत वेगळी पाठवणार आहे. थोडी थांबून.

तुझी,
मुंगी

२१ जून

मुंगे,

पुस्तक दोनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. निराशा झाली.

तुझ्या पुस्तकात कुणी केलेला चहा कुणीही पीत नाही. नायिका आधण ठेवते, तेवढ्यात तिला काहीतरी आठवतं आणि चहा जातो. असं सारखं. रडू आलं की ती खिडकीपाशी जाते. त्या घराला भिंती आहेत की नाहीत असा प्रश्न पडतो. तळ्याकाठच्या हॉटेलातल्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि संध्याकाळचंही त्याच खिडकीतून येतं. सूर्यानं तुझ्यासाठी एवढी तसदी घ्यावी असं त्या प्रसंगात काही घडत नाही. तुझा गायक तिला उचलून जिना चढतो. त्याचं वय तूच बावन्न सांगितलं आहेस. मी त्याच वयाचा आहे. प्लास्टरची गोणी उचलताना मी आधी भिंतीला हात लावतो.

आणि दात. ‘त्याचे मोत्यांसारखे शुभ्र, एकसारखे दात.’ बावन्नाव्या वर्षी कुणाचे दात एकसारखे दिसले तर ते माझ्यासारख्या कुणीतरी मेणात बसवलेले असतात. दंतवैद्य तोंडाचा ठसा पाठवतो, पुढचं काम माझं. माणसाला शोभतील असे दात करायचे तर त्यात थोडा दोष ठेवावा लागतो, एखादा किंचित फिरवायचा, एखाद्याची कड झिजवायची. तू दोष कुठेच ठेवला नाहीस. तुझं प्रेम असं कवळीसारखं आहे. चकचकीत आहे, पण त्यानं चावता येत नाही.

मी शाळा आठवीत सोडली, पुढचं सगळं स्वतः वाचून शिकलो. तेव्हा माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तू ठरव.

एक मात्र निराळं. तुझ्या नायिकेचं घर जेव्हा नुसतं घर असतं, जेव्हा कुणी कुणावर प्रेम करत नाही, तेव्हा प्रत्येक ओळ नेमकी आहे. मफलर ती हातानं धुते आणि दाराच्या मागे वाळत घालते. न्हाणीघरात नळ मोठा सोडून गाणं घोकते. बाहेर जाताना नवऱ्याला सांगते की आत्याला बरं नाही, तिच्याकडे जाऊन येते. नवरा बोलताना सुरीच्या मुठीनं टेबल ठोकतो. नकाशे काढणाऱ्याच्या हातात सुरी कशाला? मेणाची सुरी माझ्या हातात असते.

आमच्या दाराच्या मागे एक राखाडी मफलर आहे. मी कधी विचारलं नव्हतं.

हे तू कुठून आणलंस? उलट टपाली कळव.

दादा

३० जून

प्रिय दादा,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं ही चूक झाली. डोळे पुसायला दोनदा उठावं लागलं, आणि खिडकीपाशी नाही गेले, नोंद घे.

तू मला शिकवलंस की माहीत नसलेलं लिहू नये. मी ते आयुष्यभर पाळलं. आणि आता तू मला विचारतोस, कुठून आणलंस. जणू मी कल्पनेच्या बाता मारल्या आहेत. दादा, त्या पुस्तकातली एकही गोष्ट मी हवेतून काढलेली नाही. मफलर, नळ, आत्या, सगळं मला वहिनीनं स्वतः सांगितलं आहे. गेली दोन वर्षं ती कार्यक्रमांना जाते आणि परत येताना माझ्याकडे उतरते. ती बोलत असते आणि मी ऐकत असते. तुझं म्हणशील तर तुझ्या घरात तिला बोलायला कवळ्या घासायचं मशीन बंद व्हायची वाट पाहावी लागते. तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. नकाशे तेवढे माझे, तुला ओशाळं वाटू नये म्हणून.

तेव्हा दातांचं, उन्हाचं काय ते चुकलं असेल. पण त्या बाईचं मन खोटं आहे असं तू म्हणू शकत नाहीस. ते खरं आहे. तुला पटत नसेल तर घरात विचार.

रागावून लिहिलं आहे. पाठवते तरीही.

मुंगी

१२ जुलै

मुंगे,

तू सांगितलंस तसं घरात विचारलं.

आधी आत्याकडे जाऊन आलो. आत्या ठणठणीत आहे. दारातच म्हणाली, सून वाट चुकली की काय, तिचं तोंड पाहून किती दिवस झाले. मी तिच्याकडे बसलो, तिच्या खालच्या कवळीची एक कड बोचत होती ती घासून दिली आणि परत आलो.

मग तुझ्या वहिनीला समोर बसवलं आणि पुस्तकातलं एकेक विचारलं. मफलर तुझा? हो. नळ? हो. आत्याचं खोटं? हो. हॉटेलपाशी आलो तेव्हा ती हसली. मी तिला विचारलं की हसण्यासारखं काय आहे. तिनं उत्तर दिलं नाही. तू लिहिलेलं मन खरं आहे असं तू म्हणतेस, वर ती हसते, आणि बाकीचं सगळं तंतोतंत जुळतं. कवळीचे बाकी सगळे दात बरोबर बसले तर एक चुकत नाही, चुकला तर सगळेच चुकतात.

माझा आवाज चढला नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढच्या पुस्तकात तू चढवशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. छोटी बॅग घेऊन. त्याच्याकडे गेली का, असं मी विचारलं नाही. पुस्तक चांगलं नाही हे माझं मत कायम आहे. ते खरं निघालं, एवढाच फरक.

दादा

१५ जुलै

दादा, दादा,

फोन का उचलत नाहीस? सकाळपासून लावते आहे. कामाच्या खोलीतलाही उचलत नाहीस. उद्या निघून तिकडे आले असते, पण वहिनी तिथे नाही आणि तू दार उघडशील याची खात्री नाही, म्हणून हे हातोहात देणाऱ्या टपालानं पाठवते.

ते खोटं आहे. प्रेमाचं सगळं खोटं आहे. हॉटेल, तळं, जिना, तो. मी रचलं. प्रकाशक म्हणाला होता की बाई नुसती गाणी ऐकायला जाते यात गोष्ट कुठे आहे, कुणीतरी भेटायला हवं. म्हणून भेटवला. मला वाटलं, तुला हे सांगायची गरजच नाही.

कारण तो नाही, दादा. तो डावीकडचा गेला. पुन्हा एकत्र येण्याच्या आधीच, तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात. कार्यक्रम करतात ते चौघेच. त्या बँडचं नाव ठाऊक असलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, पोराटोरांना माहीत आहे. तुला माहीत नसेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुझ्या बायकोनं तीस वर्षं ज्याचं चित्र कपाटाच्या दाराला आतून लावलं, तो माणूस जिवंत आहे की मेला हे तुला ठाऊक नसेल असं कसं मनात येईल?

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते माझ्या पुस्तकाच्या अभिमानापोटी. तू ते वाईट म्हणालास ना, म्हणून. बस, एवढंच कारण. तिला शोध आणि सांग. कुठे असेल ते मला नक्की ठाऊक नाही, पण कार्यक्रमांच्या मैत्रिणींत एक शिंपीण आहे, तिच्याकडे असावी. पत्ता खाली लिहिते.

तिला सांग, मुंगी गाढव आहे.

मुंगी

२ ऑगस्ट

मुंगे,

तुझी तिन्ही पत्रं इथे पोचली. शिंपीण उत्तर दे म्हणते, म्हणून देते. तिच्या कापायच्या टेबलावर बसून लिहिते आहे, कडेला खडूची पूड आहे, कागदाला लागली तर चालवून घे.

तुझं पुस्तक वाचलं. तू पाठवणार होतीस ती प्रत आली नाही. ह्यांची होती, तीच बॅगेत टाकून आणली. पानापानांत चिठ्ठ्या घातलेल्या, दंतवैद्य दातांवर खुणा करतो तशा.

मला वाटलं होतं की निदान तुला कळलं असेल. तुझ्या बाकावर बसून मी तुला सांगितलं होतं, तो गेल्यावर ते चौघे त्याची जागा कशी ठेवतात. डावीकडे त्याचा माइक उभा असतो, त्याला मफलर बांधलेला. दुसऱ्या कडव्यात त्याच्या चार ओळी यायच्या, खालच्या सुरात, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या. तिथे ते चौघे थांबतात. वाद्यंसुद्धा हळू होतात. आणि सभागृहात डावीकडे आम्ही राखाडी मफलरवाल्या बायका त्या चार ओळी म्हणतो. आम्ही म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. एकदा आम्हाला उशीर झाला तर थांबून राहिले. मी तुला हे सांगताना रडले होते आणि तूही रडलीस. मग घरी जाऊन तू काय केलंस, त्या जागेत एक पुरुष आणून उभा केलास. जिवंत, दातांसकट.

तुझ्या दादानं निदान मला विचारलं तरी, तो कोण म्हणून. तू विचारलंही नाहीस, परस्पर ठरवून टाकलंस की बाई घराबाहेर पडली म्हणजे कुणाकडे तरी गेली असणार. तुम्ही दोघं भावंडं शोभता. त्याला बारकावे दिसतात, तुला ते उचलता येतात. आमच्याकडे तुला मुंगी उगाच म्हणत नाहीत.

आता तू विचारतेस की मी ह्यांना तेव्हाच का सांगितलं नाही, तो मेलाय म्हणून. एका वाक्याचं काम होतं. माझ्या तोंडावर आलंही होतं. म्हणूनच हसले. मग वाटलं, हे वाक्य बोलले की हे म्हणणार, ‘असं होय, मग ठीक आहे,’ आणि उठून मशीन चालू करणार. मला ठीक व्हायचं नव्हतं, मुंगे. तीस वर्षं ठीकच होते.

तो गेला त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. रेडिओवर त्यांची गाणी लागली होती. हे बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, विचारतील. मग टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, आ कर, दाढ बघू. मी आ केला. सगळ्या दाढा एकेक करून बघितल्या, अगदी मनापासून. म्हणाले, सगळं नीट आहे.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. नसतंच. यात चिडायला जागा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही, आणि तरी मी चिडले आहे.

आता कुठलाच निरोप मधल्यामध्ये देऊ नकोस. मी इथेच या शिंपिणीच्या हाताखाली लागले आहे, बाहेरगावच्या कार्यक्रमांसाठी ती गणवेश शिवते, त्यांची काजं करते. काजं माझी बरी येतात असं ती म्हणते. कपडे न्यायला एकदा येईन तेव्हा ह्यांना सांगेन काय ते.

तू मला पूर्वीसारखी भेटशील असं आत्ता तरी वाटत नाही. पुढचं पुस्तक लिहिशील तेव्हा मला विचारू नकोस, आणि लिहूही नकोस माझ्यावर.

(तुझी मैत्रीण. वहिनी कशी म्हणू, ते आता तुमच्या घराकडून ठरायचं.)

२७ ऑगस्ट

मुंगे,

तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं असल्यामुळे वाचनालयात गेलो आणि जुने अंक काढायला लावले. गेला आहे. आतल्या पानावर, फोटोसकट. फोटोत हसतो आहे, वरचे दोन दात एकमेकांवर चढलेले. कुणाला नीट करून घ्यावेसे वाटले नाहीत, की पैसे नव्हते, की तसेच आवडत होते, कोण जाणे. ग्रंथपाल म्हणाली की या माणसाची बातमी बघायला बायकाच येतात, तुम्ही पहिलेच पुरुष.

मी शिंपिणीच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. चारदा लिहून चारदा नीट केलं. त्याचं उत्तर आलं ते असं की रविवारी येते, कपडे काढून ठेवा.

काढून ठेवले. घड्या घालून, उन्हाळ्याचे वेगळे, थंडीचे वेगळे. मफलर वर ठेवला. कपाटाच्या दाराला आतून ते चित्र होतं ते सुट्या कागदात गुंडाळलं. टाचण्या काढताना कोपरा फाटू दिला नाही.

ती आली तेव्हा मी मशीन बंद करून बसलो होतो. ते तिच्या लक्षात आलं. तिनं चहा केला. आम्ही तो प्यायलो, दोघंही, शेवटपर्यंत. मी म्हणालो की मला कळलं नव्हतं, तो गेला ते. ती म्हणाली, माहीत आहे. मी म्हणालो, माझा गैरसमज झाला, आता तो दूर झाला, मग अडचण कुठे आहे? तिनं कप खाली ठेवला.

“अडचण तिथेच आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला वाटतंय एक दात चुकीचा बसला होता, तो काढला, आता झालं.”

मी मग विचारलं, त्याच्या चार ओळी तुम्ही बायका म्हणता असं अंकांत वाचलं, त्या कुठल्या, मला म्हणून दाखव. खरंच ऐकायचं होतं, तू विश्वास ठेव अगर ठेवू नकोस. तिनं तोंड उघडलंही. मग म्हणाली की एकटीनं ते बरं वाटत नाही, त्याच्या आधी बाकीच्यांनी थांबावं लागतं. तिनं मला दोष दिल्यासारखं म्हटलं नाही. नुसतं सांगितलं.

दाराशी गेली तेव्हा तिच्या हातात दोन्ही बॅगा होत्या. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. तुला आलं असतं. पण ती वळली आणि जराशी थांबली, कुणी काही बोलेल तर ऐकून घ्यावं अशी. माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. बोटातल्या किल्ल्यांच्या कडीत शिंपिणीच्या घराची नवी किल्ली होती आणि आपल्या घराची जुनी. मी म्हणालो, “किल्ली राहिली तुझ्याकडे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बॅगा खाली ठेवून ती किल्ली काढू लागली. कडी घट्ट होती. काजं करून करून तिची नखं पार गेली आहेत, तिला ती उघडेना. कितीतरी वेळ ती खटपट करत होती आणि मी बघत होतो.

शेवटी मी आत जाऊन बारीक पक्कड आणून दिली.

दादा